सांधणी

जुना ताणा संपत आला की
माग बंद करतात आणि मला बोलावतात.
मी नरसय्या येमूल, ताणा सांधणारा.
जुन्या सुताचं एक टोक, नव्या सुताचं एक टोक,
बोटांना राख, चिमटीत पीळ,
अशा दोन हजार चारशे गाठी.
सहा तास. चहा धरून सात.

म्हणून एस्तेरबाई जेव्हा म्हणाल्या,
बाप्तिस्म्याला वेळ आहे, आधी वर्गाला या,
तेव्हा मला राग यायला नको होता.
पण आला.
म्हटलं, बाई, माझं मन ठरलंय.
चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली,
ती नीट करत त्या म्हणाल्या,
ठरलंय ना, मग कुठं पळून जातंय?
बुधवारी सातला या. पेन्सिल आणा.

आमच्याकडे पाणी पाचव्या दिवशी येतं.
ते बुधवारी आलं की मी वर्गात
ओल्या विजारीनं, सगळ्यांच्या मागे.
पुढे पाळकसाहेबांचा नातू, घडाघडा वाचणारा.
माझी शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी तेलुगूत,
मला जोडाक्षरं अडवायची.
ज्याच्यासाठी आलो, त्याच्या नावातच दोन!
ख ला र, स ला त.
महिनाभर मी 'खिरीसत' लिहीत होतो.
कुणी हसलं नाही. नातू एकदा हसला,
बाईंनी त्याला फळा पुसायला लावला.

बाई म्हणायच्या, उगाच मान डोलवू नका, नरसय्या.
'कळलं नाही' म्हणायला शिका.
ते मी लवकर शिकलो.
कळलं नाही, बाई. कळलं नाही.
घरी भूलक्ष्मी सुपात विड्या वळता वळता विचारायची,
झाली का तुमची परीक्षा?
परीक्षाच नाही म्हटल्यावर
तिला ते फारच अवघड वाटलं.

एकदा तर तीन बुधवार एकाच ओळीवर.
कोळी रात्रभर जाळी टाकतात, हाती काहीच नाही,
आणि मग पुढे येतो एक शब्द: तरी.
मला पुढचे मासे हवे होते.
बाई 'तरी' सोडेनात.
इथं थांबा, म्हणायच्या. इथं बसा जरा.

मे महिना. अक्कलकोट रोडचा कारखाना.
रात्री दोनला वीज गेली.
पत्रे दिवसभराची आग खाली सोडत होते.
मागावर निम्म्या गाठी बाकी,
मालक मोबाईलचा उजेड धरून कंटाळला, झोपला.
मी अंधारात सांधत राहिलो.
बोटांना माहीत होतं कुठलं सूत कुणाचं.
मुलगी गेली ते वर्ष आठवलं,
गिरणीचा हिशेब बुडाला तो,
सगळं जुनं सूत, तेच तेच, संपत आलेलं,
आणि मला कळायच्या आत चिमटीत
तो शब्द होता.
तरी.
मी पीळ दिला. पुढचं टोक घेतलं.
रडलो म्हणायला हरकत नाही, कुणी पाहिलं नाही.

बुधवारी बाईंना सांगितलं.
त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, पुढची ओळ वाचा.

पुनरुत्थानाच्या रविवारी माझा बाप्तिस्मा झाला.
नोंदवहीत मी सही केली,
आणि शेजारी, कुणी सांगितलं नसताना,
ते नाव लिहिलं. दोन्ही जोडाक्षरं नीट.
भूलक्ष्मी शेवटच्या बाकावर होती,
तिचं अजून ठरलेलं नाही.
मी विचारत नाही.

लोक म्हणाले, नरसय्या, संपला का वर्ग?
त्यांना मागाचं ठाऊक नाही.
सगळ्या गाठी झाल्या म्हणून
लगेच बटण दाबत नाहीत.
गाठी फणीत अडकतात, सूत तुटतं.
हातानं फिरवायचा माग, वीतभर, अजून वीतभर,
कान लावून,
शेवटची गाठ पार जाईपर्यंत.

आज बुधवार. पाणीही आजच आलंय.
पेन्सिल कुठं ठेवली मी?